झाडं लावली की नाला बारमाही होतो?

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात वृक्षारोपणाच्या मंडपात एक वाक्य हमखास कानावर पडतं: काठावर झाडं लावा, नदी बारमाही होईल. बारमाही वाहणं हाच निकष असेल तर नाग नदी कधीच पास झाली आहे. भर मे महिन्यातही ती वाहते, शहराच्या सांडपाण्यावर. खरा प्रश्न शहराबाहेरच्या, वर्षानुवर्षं गुरं चरलेल्या ई-क्लास (सरकारी चराऊ) आणि झुडपी जंगलाच्या जमिनींतल्या नाल्यांचा आहे. तिथे झाडं हवीतच, पण झाड पाणी तयार करत नाही, पितं. बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी १९८२ साली जगभरच्या ९४ पाणलोट-प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा झाडोरा वाढला की ओढ्याचं वार्षिक पाणी घटतं, हाच कल दिसला. देशी दाखला हवा असेल तर निलगिरी पर्वतातला घ्या: गवताळ पाणलोटात ब्लूगम (युकॅलिप्टस) लावल्यावर लागवडीच्या पहिल्याच फेरीत वाहून येणारं पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. काठावरच्या झाडांची मुळं तर थेट ओलाव्यात असतात. उन्हाळ्यात बारीक धारेच्या ओढ्यात दगडावर खूण करून बघा. दुपारनंतर पाणी खुणेखाली उतरतं, पहाटेपर्यंत पुन्हा चढतं.

‘पण पूर्वी जंगल होतं तेव्हा नाला मार्चपर्यंत वाहायचा’, हा आक्षेप वाजवी आहे. मात्र तेव्हा काटोल-नरखेडच्या संत्राबागांत बोअरवेल नव्हत्या आणि पात्रातली वाळू ट्रॅक्टरने जात नव्हती. शिवाय जमीन तुडवलेली नव्हती, आणि हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा. खुरांनी घट्ट झालेल्या जमिनीवरून पाऊस माती घेऊन निघून जातो. चराई थांबली, गवत उठलं, पालापाचोळा साचला की पाणी मुरायला लागतं. मुरण्यातली ही वाढ झाडांच्या पिण्यापेक्षा जास्त भरली तरच उन्हाळी धार लांबते, आणि ते माती, खडक, झाडांची दाटी यांवर ठरतं. म्हणून वाहत्या पाण्याचं आश्वासन देऊ नये. काठ ढासळणं थांबेल, गाळ अडेल, डोहावर सावली येईल एवढं छातीठोकपणे सांगता येतं, आणि काठाचं जंगल राखायला तेवढं कारण भरपूर आहे.

रोपांचा आकडा म्हणजे जंगल, हा दुसरा भ्रम. मोजायची असतात ती तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी असलेली झाडं. खड्ड्यांपासून सुरुवात करायची, हाही गैरसमजच: चरलेल्या रानात गुरं तोंड लावत नाहीत तो पळस तेवढा माजलेला दिसतो, पण तेंदूसारख्या झाडांची मुळं जमिनीत जिवंत असतात आणि चराई व आग थांबली की आपणहून फुटवे देतात. रिकाम्या राहिलेल्या जागी मग अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर लावावेत. झुडपी म्हणजे पडीक, असं अजूनही बोललं जातं. पण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाला वनच मानलं आहे. राहता राहिलं ‘गुरं हाकलली की झालं’. जनावरं असलेल्या घराला काठावरचं गवत कापून न्यायची मुभा नसेल, तर गुरं अडवायला घातलेलं कुंपण एका हंगामातच तुटतं.