दृष्टिहीन मुलासाठी लॅपटॉप घेताना



बैल घेताना आपण नुसता रंग पाहत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, मगच व्यवहार ठरवितो. घरातील दृष्टिहीन मुलामुलीसाठी लॅपटॉप घेतानाही हाच शिरस्ता पाळा. कष्टाचा पैसा त्यात जाणार असतो आणि लेकराचे पुढचे शिक्षण त्यावर अवलंबून असते.

ज्याला दिसत नाही तो संगणक चालविणार कसा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. उत्तर सोपे आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा 'स्क्रीन रीडर' नावाचा प्रोग्रॅम असतो. बोटांनी बटणे दाबायची आणि कानांनी ऐकायचे. माऊसची गरज नाही. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' हा असा प्रोग्रॅम करावयास घेतला. पुढे जेम्स टेह हे त्यांचे दृष्टिहीन मित्रही त्यात सामील झाले. तो मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. मात्र तो विंडोजवरच चालतो. तेव्हा विंडोज नसलेला लॅपटॉप स्वस्त दिसला तरी भुलू नका.

आता काय पाहायचे ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट कळफलक. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागतील असे उंचवटे आहेत ना, ते पाहा. वरच्या ओळीतील बटणे चार-चारच्या गटांत, मध्ये फट सोडून असतील तर चाचपून सापडतात. उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असेल तर एनव्हीडीए वापरणे सोयीचे जाते. नसला तरी अडत नाही, कारण त्यात लॅपटॉपसाठी निराळी मांडणी आहे. इन्सर्ट बटण नसेल तर कॅप्स लॉककडून तेच काम करून घेता येते. २०२४ पासून काही नव्या लॅपटॉपवर उजवे कंट्रोल किंवा मेनू बटण काढून तेथे कोपायलट बटण बसविलेले असते. मेनू बटण नसेल तर शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबावे.

दुसरी गोष्ट आवाज. कान हेच येथे डोळे आहेत. स्पीकर स्वच्छ हवा आणि वायरच्या हेडफोनसाठी भोक हवे. बिनवायरीच्या हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा येतो, त्यामुळे कामाची लय बिघडते.

तिसरी गोष्ट वेग. आठ जीबी रॅम आणि एसएसडी यांपेक्षा कमी घेऊ नका. यंत्र अडखळले की बोलणेही अडखळते. दुकानदार चकचकीत टचस्क्रीन किंवा खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारू पाहील. अजिबात न दिसणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तो पैसा रॅम आणि बॅटरीवर घाला. गावात वीज जाते हे ध्यानात ठेवा. पडद्याचा उजेड कमी ठेवला तर बॅटरी अधिक पुरते. थोडे दिसत असेल तर मात्र पडदा मोठा आणि न चकाकणारा घ्या.

जुना लॅपटॉप घेत असाल तर तो विंडोज ११ चालवू शकतो का, हे विचारा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानात लेकराला बरोबर न्या. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणे एकदम दाबली की विंडोजमधलाच 'नॅरेटर' बोलू लागतो. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवर नेला तर दुकानदाराच्या परवानगीने तेथेच चालविता येतो. लेकराच्या हाती यंत्र द्या, अर्धा तास टाइप करू द्या, ऐकू द्या. 'त्याला काय कळतंय' असे म्हणू नका. बटणे त्याच्या बोटांना रुचली पाहिजेत, तुमच्या डोळ्यांना नव्हे.

घरी आल्यावर एक पथ्य पाळा. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिकवा. जुन्या फाँटमधील मजकूर स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, तो भलतेच काही बरळतो. शाळेतील गुरुजींनाही टिपणे युनिकोडमध्ये देण्याची विनंती करा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यांपर्यंत पोहोचण्याची तयारी आजपासून करावी लागते. लेकराने तपासून 'हा चालेल' म्हटले, की मगच पैसे मोजा.