किलोवर घ्यायचं, नगावर विकायचं

जाक मॅथाय हा नेदरलँड्समधला संगणकतज्ज्ञ. काही वर्षांपूर्वी त्याने ऑनलाइन लिलावांत लेगोच्या वापरलेल्या ठोकळ्यांवर एका रात्रीत भराभर बोली लावल्या आणि तो झोपला. सकाळी पाहतो तर जवळजवळ सगळे लिलाव त्याच्याच नावावर. यथावकाश दोन टन प्लॅस्टिक त्याच्या गॅरेजात येऊन पडलं. इतके लिलाव एकट्याला लागतात, याचा अर्थ आपला भाव चढा होता, हा पहिला धडा त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवला.

तो या भानगडीत पडला त्याला कारण होतं. बाजारात एकाच मालाचे तीन भाव त्याला दिसले होते. सरमिसळ ढीग किलोला साधारण १० युरोला जात होता. त्याच ढिगातून पूर्ण संच जुळवला तर किलोला ४० युरो येत होते. आणि दुर्मीळ भाग, टेक्निक मालिकेतले दांडे-चाकं वेगळी काढून विकली, तर किलोमागे आकडा शेकड्यांत जात होता. प्लॅस्टिक तेच, वजन तेच. मधे फक्त निवडण्याचे कष्ट. लेगोचे सुटे ठोकळे विकणारी जगभरातली हजारो घरगुती ऑनलाइन दुकानं याच फरकावर चालतात. त्यांना खेळण्यांची दुकानं म्हणणं मला पटत नाही. निवडून, मोजून, नंबर लावून ठेवलेला माल ती विकतात आणि पैसे त्या नंबरांचे घेतात.

हे दुकान मुळात शक्य होतं ते ठोकळ्याच्या हट्टामुळे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले किर्क क्रिस्टियान्सेन याने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. प्लॅस्टिकचे ठोकळे आले १९४९ मध्ये, आणि तेही ब्रिटनच्या हिलरी पेज यांच्या ‘किडिक्राफ्ट’ ठोकळ्यांवर बेतलेले. ते एकमेकांवर बसत, पण पकड ढिली. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले किर्क यांचा मुलगा गॉटफ्रेड याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या होत्या. वरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, त्या नळ्यांत आणि भिंतींत घट्ट अडकू लागले. दोन स्टडांमधलं अंतर ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, ही मापं तेव्हापासून धरून ठेवलेली आहेत. त्यामुळे आजोबांच्या डब्यातला ठोकळा नातवाच्या आजच्या संचावर बसतो. अगदी सुरुवातीचे ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते आणि ते कालांतराने वाकडे होतात. १९६३ पासून एबीएस प्लॅस्टिक आलं आणि तो प्रश्न मिटला. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर हा माल नासत नाही आणि मॉडेल बदललं म्हणून बादही होत नाही. मोबाइलच्या सुट्या भागांचा धंदा करणाऱ्याला हे सुख स्वप्नातही मिळायचं नाही.

या धंद्याची ऑनलाइन पेठ म्हणजे ‘ब्रिकलिंक’. डॅन येझेक या तरुणाने २००० मध्ये एकट्याने ती उभी केली. तेव्हा नाव होतं ‘ब्रिकबे’. ‘ईबे’ने हरकत घेतल्यावर २००२ मध्ये ते बदललं. येझेक २०१० मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर त्याच्या आईने काही काळ काम पाहिलं. २०१३ मध्ये ही पेठ कोरियातल्या ‘नेक्सॉन’ या गेम कंपनीचे संस्थापक किम जंग-जू यांच्याकडे गेली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द लेगो कंपनीने ती विकत घेतली. त्या वेळी तिथे दहा लाखांवर सभासद आणि सुमारे सत्तर देशांतली दहा हजार दुकानं होती.

येझेकने पेठ उभारली, पण तिचा खरा जीव आहे ती सूची. कुठल्या संचात कुठला भाग, कुठल्या रंगात, किती नग, हे सगळं हौशी लोकांनी वर्षानुवर्षं बिनपगारी नोंदवलं. प्रत्येक आकाराला नंबर आहे. दोन बाय चारचा ठोकळा ३००१, दोन बाय दोनचा ३००३, एक बाय दोनची प्लेट, म्हणजे चपटा ठोकळा, ३०२३. पुण्याच्या जुन्या बाजारातला नटबोल्टवाला हातात घेतल्यावर आटे ओळखतो, तसे मुरलेले विक्रेते हे नंबर तोंडपाठ म्हणून दाखवतात. रंगांचं प्रकरण जास्त नाजूक. २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी रंगाची छटा बदलून ती निळसर केली. भिंतीचा निम्मा भाग जुन्या राखाडीत आणि निम्मा नव्या राखाडीत आला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात या दोन छटा ओळखू येत नाहीत, म्हणून निवडायचं काम दिवसा, खिडकीशी.

एक आकार, एक रंग, नवा की वापरलेला, एवढ्याला म्हणायचं एक ‘लॉट’. दुकान किती मोठं हे नगांवर ठरतच नाही, लॉटवर ठरतं. लाल ३००१ चे दहा हजार नग असलेल्या दुकानापेक्षा पाच हजार लॉटचे दहा-दहा नग असलेलं दुकान जास्त चालतं. कारण गिऱ्हाइकाकडे यादी असते, आणि टपालखर्च एकदाच भरावा लागावा म्हणून सगळी यादी एकाच ठिकाणी मिळावी असं त्याला वाटतं. भाव ठरवायला गेल्या सहा महिन्यांत तो भाग जगभर कितीला विकला गेला याची सरासरी समोर दिसते. म्हणजे घासाघीस संपली, आणि आपला माल खास असल्याची बढाईही संपली. पेठेचं शुल्क बहुतेक ऑर्डरींवर तीन टक्के. पैसे वळते करणाऱ्याचं कमिशन वेगळं.

माल येतो दोन वाटांनी. पहिली वाट जुन्या ढिगांची. कुणाची मुलं मोठी झाली, कुणी घर रिकामं केलं, असा वजनावर घेतलेला माल. किलोभरात सातआठशे नग सहज असतात, आणि त्यांच्यासोबत केस, खडूचे तुकडे, बॅटरीची सांडलेली पूड, इतर कंपन्यांचे ठोकळे. धुणं कोमट पाण्यात, चाळीस अंशांच्या खाली, हातानेच. कढत पाणी किंवा हेअर ड्रायर लागला की आकार बिघडतो आणि पकड जाते. सिगारेटचा वास बसलेला ढीग अनुभवी माणूस फुकटही घेत नाही. उन्हाने पिवळे पडलेले पांढरे-निळे ठोकळे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवले तर उजळतात. पण असं उजळवलेलं आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं की नाही, यावरून विक्रेत्यांत बरीच वादावादी चालते. (सांगावं. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.) तपकिरी आणि गडद लाल रंगाच्या काही वर्षांच्या मालाची तर वेगळीच कथा. वरून तो कोरा दिसतो, जोडून सोडवायला गेलं की टचकन चिरतो.

नकली माल हाताला लागतोच. पेटंटची मुदत कधीच सरली. आकारावर ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयात २०१० मध्ये फसला, त्यामुळे तसाच ठोकळा बनवणं हा गुन्हा राहिला नाही. संच जसाच्या तसा चोरणं मात्र गुन्हाच. चीनमधल्या ‘लेपिन’च्या मागे असलेल्या मुख्य आरोपीला शांघायच्या न्यायालयाने २०२० मध्ये सहा वर्षांची कैद सुनावली. दुकानदाराकडे ओळखण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे. अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक स्टडवर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं असतं, ते पाहायचं. एका नकली नगावरून आलेला एक वाईट शेरा पुढच्या शंभर गिऱ्हाइकांना दिसत राहतो.

मग निवड. नवखा माणूस रंगावार ढीग लावतो. दिसायला सुरेख, कामाला निरुपयोगी. काळ्या ढिगात काळी एक बाय एकची प्लेट शोधायला बसा म्हणजे कळेल. डोळ्याला रंग चटकन सापडतो, आकार सापडत नाही. म्हणून आधी आकारावार लावायचं आणि एका खणात सगळे रंग राहू द्यायचे. माल वाढला की मग रंग फोडायचे. मॅथायने याच कामासाठी पळण्याच्या जुन्या यंत्राचा पट्टा, कॅमेरा आणि शिकवलेलं न्यूरल नेटवर्क वापरून यंत्र केलं. ओळखलेला तुकडा हवेच्या झोताने आपापल्या डब्यात उडवला जाई. यंत्राची रचना मोहक आहे, पण ते शिकवायला लागणारी हजारो नमुन्यांची ओळख आधी माणसानेच करून द्यावी लागली. घरगुती दुकानांत आजही बहुतेक काम डोळे, बोटं आणि मागे चालू असलेला रेडिओ यांवरच भागतं.

दुसरी वाट नव्या संचांची. सवलतीत संच घ्यायचे, पिशव्या फोडायच्या, सगळे भाग सुटे विकायचे. याला म्हणतात ‘पार्ट-आउट’. सहा महिन्यांच्या सरासरीने सगळ्या भागांची बेरीज खरेदीच्या दुपटीच्या वर जात असेल तर संच घेण्यासारखा, असा ठोकताळा. नवखे फसतात ते याच बेरजेत. कारण ती प्रत्येक नग विकला गेला असं धरून केलेली असते. बाहुल्या, म्हणजे मिनिफिगर, पहिल्या आठवड्यात उठतात आणि मुद्दलाचा मोठा भाग परत देतात. चांगल्या रंगातल्या प्लेटा महिन्या-दोन महिन्यांत जातात. उरतात विचित्र कोनांचे, कुणाच्याच यादीत नसलेले तुकडे. ते तीन वर्षांनीही खणातच असतात आणि त्यांचीही किंमत त्या बेरजेत धरलेली असते.

श्रमाचा हिशेब तर नवखे करतच नाहीत. समजा चाळीस लॉटची पंधरा डॉलरची ऑर्डर आली. खण शोधणं, मोजणं, पिशवीत घालणं याला लॉटमागे एक मिनिट धरलं तरी चाळीस मिनिटं गेली. त्यात मालाची खरेदी, शुल्क, पाकीट वजा करा. म्हणून जुने दुकानदार लॉटमागे किमान सरासरी रक्कम ठरवून ठेवतात. त्यावर गिऱ्हाइकं चिडतात, पण चार सेंटांचा एकेक नग तीस खणांतून वेचून द्यायला कुणालाच परवडत नाही.

फोडण्याऐवजी साठवणारेही आहेत. कंपनी संच बंद करते, मग बंद खोक्याचा भाव चढतो, या आशेवर. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोन संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधल्या संचांचे भाव तपासून वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा दाखवला, आणि साठवणाऱ्यांना तो छापील आधार मिळाला. पण सरासरीच्या पोटात ताजमहाल दडलेला असतो. लेगोचा ताजमहाल २००८ मध्ये आला, ५,९२२ नग, अमेरिकेत ३०० डॉलर. तो बंद झाल्यावर खोक्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेला. ज्यांनी कपाटात चार-चार खोकी रचली होती, त्यांची चंगळ. २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल जवळजवळ जसाच्या तसा, ३७० डॉलरला पुन्हा बाजारात आणला. जुन्या खोक्यांचा भाव कोसळला. फोडून विकणाऱ्या दुकानदाराला याचं फारसं काही वाटलं नाही. त्याला पांढऱ्या प्लेटा आणखी मिळाल्या.

कंपनीने पेठच घेतली तेव्हा मात्र धास्ती सगळ्यांनाच वाटली. मालक आणि प्रतिस्पर्धी एकच. लेगो स्वतःही सुटे ठोकळे विकते. पेठेवर आलेल्या निर्बंधांत लेगोच्या बाहुल्यांना शोभतील अशा इतर उत्पादकांच्या वस्तू बंद झाल्या, काही छोट्या विक्रेत्यांची त्यावरची कमाई गेली. दुकानं मात्र टिकली, कारण कंपनी विकते तो चालू माल. १९९० च्या दशकातल्या जहाजाचं शीड किंवा बंद झालेली राखाडी छटा तिच्या गोदामात नाही, कुणाच्या तरी माळ्यावर आहे.

छोट्या दुकानाला खरा फटका बसतो तो कागदपत्रांचा. जर्मनीत २०१९ पासून पहिल्या पाकिटालाही पॅकिंगच्या साहित्याची नोंदणी लागते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ ला छोट्या पार्सलांची व्हॅटमाफी काढली, आणि १३ डिसेंबर २०२४ पासून बाहेरच्या विक्रेत्याला युरोपात जबाबदार प्रतिनिधी नेमणं आलं. बऱ्याच छोट्या अमेरिकी दुकानांनी युरोपला पाठवणंच सोडलं. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ ला ८०० डॉलरपर्यंतची करमाफी बंद केली, तेव्हा उलट दिशाही आवळली गेली. बारा डॉलरच्या ठोकळ्यांना एवढा कारभार झेपत नाही.

भारतात तर दार आधीच जड होतं. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती. इथल्या उत्पादकाला संरक्षण हवं होतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्या कडकपणाची झळ पन्नास जुन्या प्लेटांच्या पाकिटालाही लागते. त्यामुळे पुण्या-मुंबईतला हौशी माणूस दुसरी वाट धरतो. यादी करून माल अमेरिकेतल्या भाचीच्या पत्त्यावर मागवायचा, कारण तिथल्या तिथे टपाल स्वस्त, आणि ती सुट्टीला येईपर्यंत थांबायचं. तिच्या बॅगेत संचाचं मोठं खोकं मावत नाही. सुटे ठोकळे मात्र मोज्यांत, बुटांत, मसाल्याच्या रिकाम्या डब्यात, कुठेही बसतात.