कचारगड यात्रेला गाडी काढताय? ऑईल फिल्टरच्या डब्यात काय आहे ते आधी बघा

कचारगड (ता. सालेकसा) : माघ पौर्णिमा जवळ आली की धनेगावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणातून गोंडी बांधव लेकराबाळांसह येतात. काही जण दरेकसा स्टेशनवर रेल्वेने उतरतात, बाकीचे जीप, बोलेरो, पिकअप जे मिळेल त्याने. गाडीत माणसं भरलेली, पुढे धूळ, रांगेमुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तासन् तास रखडत जाणं. अशा वेळी इंजिन वाचवतं ते ऑईल, आणि ऑईल साफ ठेवतो तो फिल्टर.

यात्रेच्या आधी आमगाव-सालेकसाच्या गॅरेजांत सर्व्हिसिंगला गर्दी होते. ऑईलचा डबा कोणत्या कंपनीचा, ते आपण वाचून घेतो. फिल्टरचं मात्र कोणी विचारत नाही. मेस्त्री जो लावेल तो आपला.

मीही तसाच होतो. काही वर्षांपूर्वी ऐन धान विकण्याच्या दिवसांत माझ्या जुन्या जीपचं ऑईल बदललं. फिल्टर घेतला तो शंभर-सव्वाशे रुपये वाचवून. सकाळी गाडी सुरू केली की ऑईलचा लाल दिवा लवकर विझत नव्हता, वरून टकटक आवाज यायचा. थंडी आहे म्हणून मी सोडून दिलं. पुढे इंजिन उघडावं लागलं, क्रँकचे बेअरिंग ओरखडून गेले होते. त्या हंगामाच्या धानाचे बरेचसे पैसे त्यातच गेले. चूक फक्त फिल्टरची होती असं मी म्हणणार नाही, ऑईल बदलायलाही मी उशीर केला होता. पण मेस्त्रीने तो फिल्टर कापून दाखवला तेव्हा आतला कागद झाकणापासून सुटून लोंबत होता. म्हणजे ऑईल गाळलं जातच नव्हतं, बाजूने निघून जात होतं.

तेव्हापासून मला जुने फिल्टर कापून बघायची सवय लागली. यंदा एकाच मॉडेलच्या गाडीचे तीन फिल्टर कापले. एक गाडीच्या कंपनीचा, एक नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा, आणि एक खोक्याशिवाय विकला जाणारा. बाहेरून तिघेही सारखेच. रंग, आकार, वजनातही फार फरक नाही. तिसरा तर उलट जास्त चमकत होता.

आधी ऑईल आत कसं फिरतं ते समजून घेऊ. फिल्टरच्या तोंडाशी जाड पत्र्याची चकती असते. तिच्या मधोमध आट्याचं मोठं भोक आणि भोवती लहान लहान भोकं. पंपाने ढकललेलं ऑईल लहान भोकांतून आत शिरतं, चुण्या पाडलेल्या कागदातून बाहेरून आत गाळलं जातं, मधल्या जाळीदार नळीत येतं आणि मोठ्या भोकातून इंजिनात जातं. कागदात अडकणारे कण डोळ्याला दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, आणि चांगल्या फिल्टरने 20-30 मायक्रॉनचे बहुतेक कण धरावेत अशी अपेक्षा असते.

आता कागद बघा. पहिल्या दोन फिल्टरमध्ये पन्नासच्या वर चुण्या होत्या, सगळ्या सारख्या अंतरावर. तिसऱ्यात चाळीसही भरल्या नाहीत, त्यातही काही एकमेकींना चिकटलेल्या आणि एका बाजूला मोठी फट. चुण्या कमी म्हणजे गाळायला जागा कमी, म्हणजे फिल्टर लवकर तुंबणार. कागदही नुसता कागद नसतो. त्याला रेझिन लावून भट्टीत पक्कं केलेलं असतं, म्हणून तो गरम ऑईलमध्ये लगदा होत नाही. तिसऱ्याचा कागद बोटाने दाबला तर वहीच्या पानासारखा दबला.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा कागद नाही, कागदाचं टोक आहे. कागदाच्या दोन्ही टोकांना झाकण चिकटवलेलं असतं. तो चिकट पदार्थ पूर्ण गोलाईत, प्रत्येक चुणीच्या आत पोहोचलेला पाहिजे. एका ठिकाणी जरी सुटला तरी तिथून कचरा थेट बेअरिंगला जातो, मग कागद कितीही भारी असो. कागदाची दोन टोकं जिथे जोडतात तो उभा जोडही असाच तपासायचा. आणि एक गैरसमज दूर करतो. झाकण पत्र्याचं म्हणजे चांगलं आणि पुठ्ठ्यासारख्या फायबरचं म्हणजे खराब, असं सरसकट नसतं. नीट चिकटलेलं फायबरचं झाकण अर्धवट चिकटलेल्या पत्र्यापेक्षा केव्हाही बरं.

दुसरी वस्तू म्हणजे तोंडाजवळची रबराची चकती. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं ऑईल उलटं वाहून खाली जाऊ नये म्हणून ती लहान भोकं आतून झाकते. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर हिच्यावर फार काही अवलंबून असतं. रबर कडक झालं की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी तो पुन्हा भरेपर्यंत इंजिन कोरडं फिरतं. माझ्या जीपचा लाल दिवा आणि टकटक बहुधा त्यामुळेच होती. ही चकती नायट्राइल रबराची किंवा सिलिकॉनची असते. सिलिकॉन उष्णतेत जास्त दिवस मऊ राहतं. ते बहुतेक केशरी-लाल दिसतं, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, साध्या रबरालाही रंग देता येतो. तिसऱ्या फिल्टरमधली चकती नवीनच होती, तरी वाकवली तर घडीवर तडा गेला.

तिसरी वस्तू बायपास व्हॉल्व्ह. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे, कारण हा म्हणजे बोडीचा सांडवा. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑईल घट्ट असलं की कागदातून पुरेसं ऑईल जात नाही. तेव्हा दाबाने हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑईल इंजिनाला मिळतं. घाण ऑईल मिळालेलं परवडतं, कोरडं इंजिन परवडत नाही. पण सांडवा फारच खाली बांधला तर पाणी बांधीत न जाता वाहूनच जाईल ना? तसंच इथे. स्प्रिंग लिबलिबीत असेल तर व्हॉल्व्ह कायम उघडाच राहतो. आणि सांडवा बुजला तर पाळ फुटते, म्हणजे व्हॉल्व्ह जाम झाला तर कागद फाटतो नाहीतर आत दबतो. तिसऱ्या फिल्टरमध्ये व्हॉल्व्हच्या जागी नुसती दाबून बसवलेली वाटी होती, ती हलतच नव्हती.

काही इंजिनांत बायपास व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, त्यामुळे तिथे फिल्टरमध्ये तो नसणं बरोबरच आहे. आपल्या गाडीला कसा लागतो ते कंपनीच्या फिल्टरशी ताडून बघावं. नव्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तर डबाच नसतो. कायमच्या घरात नुसता कागदी एलिमेंट बदलतात. तिथे टोकाची सील आणि सोबतची ओ-रिंग बघायची, बाकी नियम तेच.

बाहेरच्या डब्याचा पत्रा जाड असला तर दगड लागून फुटण्याची भीती कमी, एवढाच त्याचा फायदा. गाळण्याशी त्याचा संबंध नाही.

स्वतः कापून बघायचं असेल तर आधी फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या. मग तोंडाच्या जोडाखाली हेक्सा ब्लेडने गोल कापा. ग्राइंडर लावू नका, ऑईल आणि ठिणग्यांचं जमत नाही. पत्र्याच्या कडेने हातही चिरतो. चुण्यांमध्ये लोखंडाचे बारीक कण चमकताना दिसले तर आधी ते ब्लेडचे नाहीत ना याची खात्री करा, आणि मग मेस्त्रीला दाखवा.

नवीन घेताना तर कापता येत नाही. दुकानात उजेडात तोंडातून बघा. लहान भोकांमागे रबर सगळीकडे टेकलेलं दिसलं पाहिजे. हलवून बघा, आत खडखड नको. आटे स्वच्छ हवेत. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असलाच पाहिजे. होलोग्रामवर फार विसंबू नका, त्याचीही नक्कल होते.

नंबर मात्र अक्षर न अक्षर जुळवून घ्या. 20 मिलिमीटरच्या आट्याचा फिल्टर पाऊण इंची आट्याच्या नळीवर चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि पुढे दाबाने निखळतो. सगळं ऑईल रस्त्यावर. भरलेल्या गाडीचं घाटात असं झालं तर काय, याचा विचार करा.

बसवताना जुनं रबरी वॉशर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघायचं, दोन वॉशर एकावर एक बसले की गळती ठरलेली. नव्या वॉशरला ऑईलचं बोट लावायचं आणि हातानेच आवळायचं. वॉशर टेकल्यावर किती फेरा द्यायचा ते डब्यावर छापलेलं असतं, बहुतेक वेळा पाऊण फेरा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढताना मेस्त्रीच्या तोंडून काय निघतं ते इथे लिहिता येणार नाही.

आणि पक्कं बिल घ्या. मी तेव्हा घेतलं नव्हतं, म्हणून दुकानदाराला काही म्हणता आलं नाही. दुसऱ्या कंपनीचं खोटं नाव लावून माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा 1999 नुसार गुन्हा आहे. कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर राष्ट्रीय हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.