झोपेचे गणित (भाग ५) : रविवारची भरपाई आणि रात्रीची लाईट

आठवडाभर झोप कापायची आणि रविवारी वसूल करायची, हा आपला सार्वत्रिक व्यवहार. तो मनाला कितपत मानवतो?

धडगावच्या डोंगरातल्या शाळेत नंदुरबारहून ये-जा करणारा शिक्षक घ्या. रोज अकराला झोपून पाचला उठणारा. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की रात्री एकपर्यंत मोबाईल, रविवारी नऊला जाग. त्याच्या रोजच्या झोपेचा मध्य रात्री दोनला पडतो, रविवारचा पहाटे पाचला. हे तीन तासांचे अंतर म्हणजे ‘सोशल जेटलॅग’. म्युनिकचे टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही कल्पना मांडली.

मेंदूतले घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते. रविवारी तो उजेड चुकतो, घड्याळ मागे पडते आणि रात्री अकराला अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. सोमवारचा गजर होतो तेव्हा शरीराच्या लेखी अजून बरीच रात्र बाकी असते.

याचा मनावर काय परिणाम होतो, हे पाहणारा दक्षिण ब्राझीलच्या ग्रामीण भागातला २०११ चा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो; असले संशोधन बहुधा शहरांतच होते. तिथे दोन तासांहून अधिक सोशल जेटलॅग असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे जास्त आढळली. पण म्हणून सुट्टीच्या दिवशीही पाचलाच उठा, असे नव्हे. अमेरिका आणि कोरियातल्या पाहण्यांत सुट्टीला तास-दोन तास जास्त झोपणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे उलट कमी दिसली. थोडी भरपाई चालते, वेळापत्रकच उलटले तर त्रास. अर्थात नैराश्य स्वतःही झोप मोडते. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हे अशा पाहण्यांवरून ठरत नाही.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. इथे शनिवार-रविवार आहे कुणाला? राज्य सरकारी कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाला, म्हणजे कलेक्टर कचेरीतल्या बाबूला तो आहे. शहाद्याच्या केळी-पपईवाल्याचा आठवडा मात्र वीज कंपनीचे वेळापत्रक ठरवते. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की बॅटरी घेऊन, उसातल्या बिबट्याची धास्ती मनात ठेवून पाणी भरायला जायचे, आणि सकाळी आठला खाटेवर पडून बाराला उठायचे. त्याच्या झोपेचा मध्य रात्री एकवरून थेट सकाळी दहावर जातो. शिक्षकाचे अंतर तीन तासांचे, याचे नऊ! तेही मौजेखातर नव्हे. ब्राझीलमधला दोन तासांचा उंबरठा आठवला की शेतकऱ्याच्या मनःस्वास्थ्याच्या चर्चेत कर्ज आणि पावसाबरोबर फीडरचे वेळापत्रकही यायला हवे, असे माझे मत आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्याकडे आपण फक्त बिल आणि युनिटच्या हिशेबाने पाहतो.

मनःस्वास्थ्याचा विषय निघालाच आहे, तर उपचारांचेही पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. आपल्या सीमेला लागलेले गुजरात आणि मध्य प्रदेश त्यांत होते, महाराष्ट्र नव्हता. नैराश्य असलेल्या दर शंभरांतल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत, असे त्यात दिसले.

मग करायचे काय? नोकरदारांनी सुट्टीला नेहमीपेक्षा तासभर, फार तर दोन तास उशिरा उठावे आणि उठल्याबरोबर अंगणात उजेडात यावे. झोप उरलीच तर दुपारी अर्धा तास. रात्रपाळीच्या शेतकऱ्याला हा उपदेश कुचकामाचा आहे. त्याने निदान परतल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपावे, आणि घरच्यांनी ‘दिवसा लोळतोय’ म्हणू नये. मात्र उदासी, कशातच रस नसणे, पहाटे जाग येऊन मन कुरतडत राहणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर नुसत्या झोपेच्या वेळा सुधारण्यात दिवस घालवू नयेत. जिल्हा रुग्णालयात दाखवावे, किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे, तिथे मराठीतही बोलता येते.