पोहून उभा राहिलेला निधी आणि कर्करोग संशोधन

एव्हरशाईन सिटी व वसई पूर्वेच्या परिसरातील ज्या रुग्णांना कर्करोगाचे निदान होते, त्यांपैकी अनेकांना पुढील उपचारांसाठी परळची वाट धरावी लागते. वसई रोडहून लोकलच्या दिव्यांग व कर्करुग्णांसाठी राखीव असलेल्या डब्यात बसावयाचे, प्रभादेवीस उतरावयाचे आणि तेथून टाटा स्मारक रुग्णालय गाठावयाचे, असा हा क्रम महिनोन्‌महिने चालतो. या कुटुंबांना पैशाची गरज आज असते. म्हणूनच "संशोधनासाठी देणगी दिल्याने आमच्या माणसाला काय मिळणार?" असे आम्हांस विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्या रुग्णाला बहुधा काहीच मिळत नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर होय. तरीही असा निधी का उभारला जातो, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

अमेरिकेतील जेफ कीथ यांना वयाच्या बाराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगामुळे एक पाय गमवावा लागला. १९८४-८५ मध्ये कृत्रिम पायाच्या आधारे ते बोस्टनपासून कॅलिफोर्नियापर्यंत धावले व त्यातून कर्करोगविषयक कार्यासाठी निधी जमविला. पुढे १९८७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाँग आयलंड साउंड या खाडीत निधीसाठी पोहण्याचा कार्यक्रम योजिला, आणि त्यातूनच 'स्विम अक्रॉस अमेरिका' ही संस्था उभी राहिली. पद्धत साधी आहे. प्रत्येक जलतरणपटू आपल्या नावे एक रक्कम ठरवितो, ती आप्तेष्ट, शेजारी व कार्यालयातील सहकारी यांच्याकडून गोळा करतो, आणि ठरल्या दिवशी पोहतो. त्या गावी जमलेला पैसा आधीच जाहीर केलेल्या संशोधन संस्थेकडे जातो. पोहणाऱ्यांत बरे झालेले रुग्णही असतात. छोट्या रकमांतून या संस्थेने आजवर १० कोटी डॉलरहून अधिक निधी जमविला आहे.

या पैशाचे झाले काय? जॉन्स हॉपकिन्स येथील एका प्रयोगशाळेस या संस्थेने साहाय्य केले. पेशींचे विभाजन होताना जनुकीय मजकुरात चुका राहतात व पेशी त्या दुरुस्त करते. काही गाठींत ही दुरुस्तीच बंद पडलेली असते. अशा गाठींवर शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध विशेष गुणकारी ठरते, असे तेथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, केवळ या दोषावरून उपचारास मान्यता दिली. अशी मान्यता प्रथमच मिळाली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्राने असाच दोष असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या १२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया वा किरणोपचार न करता सर्वांची गाठ दिसेनाशी झाली होती. मात्र असा दोष थोड्याच रुग्णांत आढळतो आणि ही औषधे अतिशय महाग आहेत, हेही येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

संशोधन म्हणजे महाग औषधच, असा मात्र समज नसावा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. व्हिनेगरमधील आम्लाचा सौम्य द्राव गर्भाशयमुखास लावल्यास सदोष भाग पांढरा दिसतो. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्या ही तपासणी करीत. या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. तपासणीचे साहित्य अगदी स्वस्त; खर्च झाला तो पंधरा वर्षे टिकून राहण्याचा. तो बव्हंशी अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेने उचलला, ही गोष्ट आपल्याकडील देणगीदारांनी ध्यानात घ्यावी असे आम्हांस वाटते.

कॅनडाच्या टेरी फॉक्स यांचाही १९७७ मध्ये पाय कापावा लागला. जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, दोन वर्षांपूर्वी ती १५ टक्केच होती, असे त्यांना डॉक्टरांनी सांगितले. तो फरक पूर्वीच्या संशोधनाने घडविला होता, आणि त्याचा खर्च त्यांना न ओळखणाऱ्या लोकांनी केला होता. १९८० मध्ये ते संशोधनाच्या निधीसाठी धावले व १९८१ मध्ये निधन पावले.

हिशेबाच्या दृष्टीने एक सूचना. निर्धन रुग्ण निधीत रुग्णालयाच्या एकूण देयकांतील दोन टक्के रक्कम जमा होते व ती निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारासाठीच खर्च करावी लागते. तीमधून संशोधनास काहीही देता येत नाही. उलट, संशोधनाच्या हेतूने मिळालेली देणगी औषधांच्या देयकाकडे वळविता येत नाही. आमच्या रुग्णालयात संशोधन होत नाही. ज्यांना त्यासाठी द्यावयाचे असेल त्यांनी ते संशोधन करणाऱ्या संस्थेसच थेट द्यावे, आणि आमच्याकडे देणगी देताना तिचा हेतू पत्रात स्पष्ट लिहावा. पावतीवर तोच हेतू नोंदविला जातो.