ख्रिस्ती मंडळी आणि आपत्तिनिवारण

ख्रिस्ती मंडळी आणि आपत्तिनिवारण : भूकंप, महापूर, चक्रीवादळ, दुष्काळ, साथीचे रोग यांसारख्या आपत्तींच्या आधी, आपत्तिकाळात व त्यानंतर स्थानिक चर्चच्या उपासक समुदायाने करावयाची पूर्वतयारी व मदतकार्य. ‘चर्च’ या शब्दाने उपासनेची वास्तू आणि तेथे एकत्र येणारा समाज असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. या समाजाला मराठीत ‘मंडळी’ अशी संज्ञा रूढ आहे. आपत्तीच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा ठरतो. कारण वास्तू कोसळली, तरी मंडळीचे कार्य चालू राहू शकते आणि वास्तू शाबूत राहिली, तरी मंडळी असंघटित असल्यास तिचा उपयोग होत नाही.

पूर्वेतिहास : आपत्तीच्या पूर्वतयारीची कल्पना बायबलला अपरिचित नाही. जुन्या करारात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा साठा करून पुढील सात वर्षांच्या दुष्काळास तोंड दिल्याची कथा आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सम्राट क्लॉडिअस याच्या काळातील दुष्काळाची पूर्वसूचना मिळताच अँटिऑकच्या मंडळीने यहूदियातील बांधवांसाठी यथाशक्ती वर्गणी गोळा केल्याचा उल्लेख आढळतो. इ. स. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात पसरलेल्या साथीच्या वेळी कार्थेजचे बिशप सिप्रिअन यांनी स्वधर्मीयांप्रमाणेच इतरांचीही शुश्रूषा करण्याचा उपदेश आपल्या अनुयायांना केला.

महाराष्ट्रात १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई यांनी मध्य प्रांतात हिंडून शेकडो निराधार मुली व विधवा यांना पुण्याजवळील केडगाव येथे आश्रय दिला. तेथे अन्नवस्त्राबरोबरच शिक्षण व हस्तव्यवसाय यांचीही सोय करण्यात आली. तथापि अशा कार्यामागे धर्मांतराचा हेतू असल्याची टीका त्या काळीही झाली आणि तो वाद पुढे दीर्घकाळ चालू राहिला.

भारतातील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची ‘कासा’ ही संस्था फाळणीतील निर्वासितांच्या सेवेसाठी १९४७ मध्ये, तर कॅथलिकांची ‘कॅरिटास इंडिया’ ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. नोव्हेंबर १९७७ मधील आंध्र प्रदेशाच्या चक्रीवादळानंतर किनारपट्टीवर वादळ-निवारे बांधण्याच्या कार्यात शासनाबरोबर ख्रिस्ती संस्थांनीही भाग घेतला. एरवी शाळा किंवा सभागृह म्हणून उपयोगी पडणारी व वादळात आश्रय देणारी पक्की इमारत, अशी या निवाऱ्यांमागील कल्पना होती.

वास्तूची सुरक्षितता : १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालमधील लिस्बन शहरी भूकंप झाला, तो सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी. चर्च उपासकांनी भरलेली होती. दगडी कमानी व छते कोसळून असंख्य लोक दडपले गेले आणि वेदीवरील मेणबत्त्यांमुळे आगी लागून त्या शहरभर पसरल्या. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील कॅथीड्रलचा मनोराही २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ढासळला. यावरून, चर्चची इमारत मजबूत दिसते म्हणून ती सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही, हे स्पष्ट होते. उंच मनोरे, जड घंटा व जुन्या भिंती यांची स्थापत्यविशारदाकडून तपासणी करवून घेणे, बाहेर पडण्याचे सर्व मार्ग उपासनेच्या वेळी खुले ठेवणे आणि पूररेषेच्या आत असलेली वास्तू पुराच्या प्रसंगी निवारा म्हणून न वापरणे, या गोष्टी आवश्यक होत.

निवाऱ्याची क्षमता ठरविताना बाकांवर किती माणसे बसतात, हा निकष फसवा असतो. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार निवाऱ्यात प्रत्येक माणसास किमान ३·५ चौ. मी. छताखालील जागा व दररोज किमान १५ लि. पाणी लागते, तसेच दर २० माणसांमागे एक शौचकूप असावा लागतो. २० मी. लांब व १० मी. रुंद सभागृहात उपासनेस तीनशे लोक बसू शकतील. परंतु मुक्कामासाठी ते सुमारे ५७ जणांनाच पुरे पडते. त्यांना दररोज सुमारे ८५५ लि. पाणी व तीन शौचकूप लागतात. हा हिशोब आधी केलेला नसल्यास निवाऱ्यातच अतिसारासारखे विकार पसरण्याचा धोका असतो.

मंडळीची पूर्वतयारी : स्थानिक मंडळीजवळ असलेले सर्वांत मोठे साधन म्हणजे परस्परांची ओळख. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणास खिळलेले रुग्ण, अपंग व गरोदर स्त्रिया कोणत्या घरी आहेत, याची माहिती शासकीय यंत्रणेपेक्षा शेजाऱ्यास अधिक असते. ही माहिती नोंदवून ती दरवर्षी सुधारणे व प्रत्येक नावापुढे जबाबदार शेजाऱ्याचे नाव लिहिणे, हे तयारीचे पहिले पाऊल होय. या यादीत केवळ सभासदच नव्हेत, तर परिसरातील सर्व धर्मांचे रहिवासी असावेत. किल्ल्या कोणाजवळ असतील, पाळक किंवा धर्मगुरू अनुपस्थित असल्यास निर्णय कोण घेईल, घंटेचा इशारा कोणता, हे आधीच ठरवावे लागते. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांच्या प्रती अन्यत्र ठेवाव्यात. घरे नष्ट झाल्यावर नाते व वय सिद्ध करण्यास त्या उपयोगी पडतात. भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. मंडळीने आपली जागा, साधने व प्रशिक्षित माणसे यांची माहिती या प्राधिकरणास आपत्तीपूर्वीच देणे इष्ट ठरते.

आपत्तीनंतरचे कार्य : जपानमधील कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक लोक मरण पावले. तेथील नागाता विभागातील ताकातोरी कॅथलिक चर्च आगीत नष्ट झाले. तथापि त्याचे आवार मदतकार्याचे केंद्र बनले. वास्तुशिल्पज्ञ शिगेरू बान यांनी स्वयंसेवकांच्या साहाय्याने तेथे ५८ कागदी नळ्यांच्या आधारावर तात्पुरते सभागृह उभारले. परिसरात व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती असल्याने अनेक भाषांतून माहिती देण्याची निकड भासली व त्यातून स्थानिक बहुभाषिक नभोवाणी केंद्र उदयास आले. पुढे ही कागदी वास्तू उकलून तैवानमध्ये, १९९९ च्या भूकंपाची झळ बसलेल्या ताओमी गावी, २००८ मध्ये पुन्हा उभारण्यात आली.

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात ऑगस्ट २००५ मधील कट्रीना चक्रीवादळानंतर ‘मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम’ या चर्चच्या धर्मगुरूंनी दूरवरच्या छावण्यांत विखुरलेल्या सभासदांचा शोध घेतला. परतू इच्छिणाऱ्या कुटुंबांची यादी सादर करून वस्तीचा वीजपुरवठा पूर्ववत करण्याची मागणी करण्यात आली. ही वस्ती शहरातील अनेक भागांच्या आधी पुन्हा गजबजली. पुनर्वसनात पैशाइतकेच संघटनेला मोल असते, हे यावरून दिसून येते.

मर्यादा व आचारनियम : प्रशिक्षण नसलेल्या स्वयंसेवकांनी ढिगाऱ्यात शिरणे किंवा गरज न विचारता जुने कपडे पाठविणे, यांमुळे मदतीपेक्षा अडथळाच अधिक होतो. मदतनिधीचा हिशोब चर्चच्या नित्य जमाखर्चापासून वेगळा ठेवून तो जाहीर करणे आवश्यक असते. साथीच्या काळात एकत्र येण्यामुळेच रोग पसरू शकतो; म्हणून कोविड-१९ च्या साथीत २०२० साली जगभर सामूहिक उपासना स्थगित ठेवाव्या लागल्या.

सर्वांत नाजूक प्रश्न धर्मप्रसाराचा आहे. संकटग्रस्त माणूस नकार देण्याच्या स्थितीत नसतो. त्यामुळे अन्न वा निवारा यांना श्रद्धेची अट जोडणे, हा त्याच्या असहायतेचा गैरफायदा ठरतो. रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्था यांच्या १९९४ च्या आचारसंहितेनुसार मदत केवळ गरजेच्या निकषावर द्यावयाची असते आणि तिचा वापर कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करावयाचा नसतो. या संहितेच्या पुरस्कर्त्यांत कॅरिटास इंटरनॅशनॅलिस, लूथरन वर्ल्ड फेडरेशन व वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या संघटनाही होत्या. मृतांचे विधी ज्याच्या त्याच्या धर्मानुसार होऊ देणे व शोकग्रस्तांस धीर देणे, हेही या कार्याचे अंग होय. बाहेरून आलेली मदतपथके काही आठवड्यांनी परततात. स्थानिक मंडळी मात्र तेथेच राहते. म्हणूनच आपत्तीनंतरच्या दीर्घ काळात तिचे कार्य विशेष महत्त्वाचे ठरते.