गाडीतील विजेचा जमाखर्च

निजण्याची व रांधण्याची सोय असलेली मोटार, जिला कॅम्पर व्हॅन म्हणतात, ती बाळगणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार आहे. छपरावरचे सौर पॅनेल ८ अँपियर देत आहे असे एक मापक सांगते. बॅटरीत ३ च जात आहेत असे दुसरे सांगते. मग खोटे कोण?

बहुधा दोन्ही खरी असतात. पहिले उत्पन्न सांगते, दुसरे शिल्लक. मधले ५ अँपियर फ्रिजने घेतलेले असतात. तारांच्या सांध्याशी जितका प्रवाह येतो तितकाच तेथून बाहेर पडतो, हा किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली मांडलेला नियम गाडीतही लागू आहे. तेव्हा पहिला प्रश्न मापक चांगले की वाईट हा नव्हे; ते कोठे बसवले आहे, हा होय.

बॅटरीच्या ऋण तारेत शंट नावाची धातूची पट्टी बसवतात. तिचा रोध अत्यल्प असतो. ५०० अँपियरच्या शंटवर पूर्ण प्रवाहाला ५० मिलिव्होल्ट पडतात, १०० अँपियरला १०. त्यावरून मापक प्रवाह ओळखते. परंतु एखाद्या उपकरणाची ऋण तार शंट वगळून थेट बॅटरीला जोडली, तर पुढच्या दाराशी कारकून बसवून मागचे दार उघडे ठेवल्यासारखे होते. पॅनेलची तार अशी जोडलेली असेल, तर बॅटरी भरत असतानाही मापक ती रिकामी होत असल्याचे दाखवील.

इन्व्हर्टरची गोष्ट निराळी. २३० व्होल्टच्या बाजूस १००० वॅटची किटली लावली, की बॅटरीकडून सुमारे ११०० वॅट जातात; कारण रूपांतरात दहावा हिस्सा खर्ची पडतो. १२ व्होल्टला हा प्रवाह ९० अँपियरच्या वर जातो. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरही एखादा अँपियर खातो. म्हणजे दिवसाचे २४ अँपियर-तास गेले!

आता खरी धोक्याची जागा पाहा. समजा, एक नट सैल आहे आणि तेथील रोध ओहमचा शंभरावा भाग आहे. ९० अँपियरला तेथे ०.९ व्होल्ट पडतात आणि ८१ वॅट उष्णता निर्माण होते. जळत्या शंभर वॅटच्या जुन्या दिव्याला ज्याने हात लावला असेल, त्याला याचा अर्थ सांगायला नको. येथे ही उष्णता लाकडी फळ्यांआड, माणसे निजतात त्या खाटेखाली साठते. हिशेबात न जुळणारे वॅट हवेत विरत नाहीत. ते कोठेतरी तापत असतात.

म्हणून शोध क्रमाने घ्यावा. पॅनेल व सर्व उपकरणे बंद करावीत. मापक शून्याजवळ यावे. न आल्यास चोरटा भार आहे. मग एकेक उपकरण चालू करून आकडे लिहावेत. एकसरी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या तारेभोवती धरून ते पडताळावेत. किटली चालू असताना बॅटरीच्या धन टोकापासून इन्व्हर्टरच्या धन टोकापर्यंत व्होल्ट मोजावेत, तसेच ऋण बाजूला. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर तो सांधा सापडेपर्यंत किटली लावू नये. पाना हाती घेण्यापूर्वी आधी पॅनेल, मग बॅटरीची ऋण तार सोडवावी.

न पटणारा आकडा दिसला की मापक बदलण्याची आपल्याला घाई होते. परंतु तो आकडा बरेचदा आगीची आगाऊ सूचना असतो. ती ऐकून घेण्यास कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.